तांब्याची भट्टी अजून का? पॉट स्टिलवर काम करणाऱ्याचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत शिफ्ट केमिस्ट आहात. तिथे उंच कॉलम, म्हणजे सतत गाळणारे मनोरे, रात्रंदिवस चालतात आणि ९६ टक्क्यांचं स्वच्छ स्पिरिट उतरतं. मग स्कॉटलंडमध्ये अजून तांब्याच्या कांद्यासारख्या भांड्यात, एकेक आधण भरून, दोन-दोनदा का गाळतात? ही खरी गरज आहे की बाटली महाग विकण्यासाठी जपलेला देखावा? आणि ती भांडी अशा आकाराची झाली कशी?

मी दोन्हीकडे काम केलंय. आधी सात वर्षं पश्चिम महाराष्ट्रात मळीच्या आसवनीत कॉलम चालवले, नंतर स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात येऊन पॉट स्टिलवर, म्हणजे त्याच तांब्याच्या भट्टीवर, उभा राहिलो, त्याला आता सोळा वर्षं झाली. म्हणून सरळच सांगतो, तो देखावा नाही. त्या भांड्यातलं तांबं दर आधणाला थोडंथोडं खर्च होतं आणि त्या खर्चातून व्हिस्कीची चव घडते. भांड्याभोवतीची कुलपं, काचेच्या पेट्या, मोजमापाची अवजारं, आणि एका काळात खुद्द भांड्याचा आकारसुद्धा, हे सगळं मात्र करवसुलीने घडवलं.

आधी तांब्याचं बघू. आपल्या घरी तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कल्हई करतात. कल्हई उडाली की ताक कळकतं, आमटी कळकते. म्हणजे धातू अन्नाला लागू नये यासाठी कल्हई. व्हिस्कीच्या भट्टीला आतून कल्हई नसते, कारण तिथे तांबं वाफेला लागावं हीच इच्छा असते. यीस्ट साखर खाताना गंधकाची संयुगं तयार करतं. त्यातलं डायमिथाइल ट्रायसल्फाइड अगदी लेशमात्र असलं तरी नाकाला कुजलेल्या कोबीसारखं झोंबतं. गरम वाफ उघड्या तांब्यावरून जाते तेव्हा गंधकाची संयुगं तांब्याशी बांधली जातात, भांड्याच्या भिंतीवर काळपट थर बसतो आणि पुढे जाणारं स्पिरिट हलकं, फळांच्या वासाचं होतं. तोच वॉश, म्हणजे आंबवलेला पण अजून न गाळलेला द्रव, काचेच्या किंवा निव्वळ स्टीलच्या भांड्यात गाळा, अल्कोहोल तेवढंच मिळेल, पण वास घेतलात तर बाटली दूर ठेवाल.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तांब्याला विश्रांती लागते. दोन आधणांच्या मध्ये भट्टीचं झाकण उघडून आत हवा खेळू दिली की पृष्ठभाग पुन्हा कामाला तयार होतो. घाईने आधणावर आधण घेतलं की स्पिरिट जड आणि उग्र यायला लागतं. दुसरी, तांबं झिजतं. खांदा, मान आणि बाजूला जाणारी नळी, जिला इथे लाइन आर्म म्हणतात, तिथे जास्त. पूर्वी तांबट हातोडीने ठोकून आवाजावरून जाडी ओळखायचे, आता अल्ट्रासाउंडचं यंत्र लावतात. पत्रा फारच पातळ झाला की चालू भट्टीची बाजू आत-बाहेर हलताना दिसते, आणि जुने लोक म्हणतात, भट्टी श्वास घ्यायला लागली. मग तेवढा भाग कापून नवा बसवायचा. आमच्याकडे भट्टीचा खांदा बदलला तेव्हा तांबट पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके देत होते. ठोक्याने पत्रा कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात, तेच. त्या दिवशी मला घरच्या बंबाची फार आठवण झाली.

तांब्याशी वाफेचा संबंध किती वेळ येतो यावर किती फरक पडतो, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण स्कॉटलंडमधला डलविनी कारखाना. तिथे बाहेर उघड्यावर मोठी लाकडी पिंपं होती, त्यात थंड पाणी आणि पाण्यात वेटोळं घातलेली तांब्याची जाड नळी. याला वर्म टब म्हणतात. १९८६ मध्ये ती काढून आधुनिक कंडेन्सर बसवले. कंडेन्सरमध्ये शंभरावर बारीक तांब्याच्या नळ्या असतात, त्यामुळे वाफेला तांबं भरपूर भेटतं. वर्ममध्ये एकच नळी आणि भोवती डोंगराळ भागातलं गार पाणी. वाफ लगेच पाणी होऊन जाते, तांबं कमी भेटतं, स्पिरिटला अंग जास्त राहतं. कंडेन्सर लावल्यावर डलविनीचं स्पिरिट ओळखू येईना. शेवटी १९९५ मध्ये वर्म टब पुन्हा बांधले. वॉश तोच, भट्ट्या त्याच, फक्त थंड करायचं साधन बदललं होतं. कुणी ‘देखावा’ म्हटलं की मी हीच गोष्ट सांगतो.

भट्टीच्या आकाराचंही तसंच आहे. मान उंच असली की जड वाफ वर पोचण्याआधी थंड होऊन परत खाली पडते, पुन्हा उकळते. तुमच्या भाषेत रिफ्लक्स. ग्लेनमोरँजी कारखान्याच्या भट्ट्यांची नुसती मानच पाच मीटरहून उंच आहे, स्पिरिट अगदी हलकं. पण ही उंची कुणी चवीचा विचार करून ठरवली नव्हती. १८४३ मध्ये धंदा सुरू करताना त्यांनी जिनच्या जुन्या भट्ट्या विकत घेतल्या, त्या उंच होत्या, एवढंच. नंतर चव लोकांना आवडली आणि प्रत्येक नवी भट्टी त्याच मापाने केली गेली. उलट मॅकॅलनच्या भट्ट्या बुटक्या, लाइन आर्म खाली झुकलेला, स्पिरिट जड आणि तेलकट. दोन्ही चांगलं. तुमच्या कॉलममध्ये प्लेट वाढवून किंवा रिफ्लक्सचं प्रमाण बदलून जे साधता, ते इथे भट्टी बांधतानाच कायमचं ठरून जातं.

आता इतिहास. स्कॉटलंडमधली पहिली लेखी नोंद १४९४ च्या सरकारी जमाखर्चात सापडते. राजाच्या हुकमावरून फ्रायर जॉन कॉर यांना अ‍ॅक्वा व्हिटे करण्यासाठी ८ बोल (धान्याचं जुनं माप) माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, दिल्याची ती नोंद आहे. अ‍ॅक्वा व्हिटे म्हणजे जीवनजल. गेलिक भाषेत तेच उश्का बाहा, आणि त्यातल्या पहिल्या शब्दापासून व्हिस्की. १५०५ मध्ये एडिनबराच्या शल्यचिकित्सक-न्हाव्यांच्या संघाला शहरात हे करण्याचा मक्ता मिळाला, म्हणजे तोवर ते औषधच होतं. १६४४ मध्ये स्कॉटिश संसदेने त्यावर पहिला कर बसवला, आणि तिथून पुढे गाळणारा आणि अबकारीवाला यांची जी झटापट सुरू झाली ती जवळजवळ दोनशे वर्षं चालली.

या झटापटीतला एक प्रसंग तुमच्यासारख्या तांत्रिक माणसाने माहीत करून घ्यावाच. १७८० च्या दशकात सरकारने किती दारू निघाली यावर कर घेण्याऐवजी भट्टी किती गॅलनची आहे यावर वार्षिक परवाना फी लावली. स्कॉटलंडच्या सखल भागात, लोलँड्समध्ये, १७८६ मध्ये भट्टीच्या दर गॅलनला दीड पौंड, १७९७ पर्यंत ती ५४ पौंडांवर गेली. सरकारचा हिशेब असा की अमुक मापाची भट्टी वर्षात अमुक आधणं काढेल. गाळणाऱ्यांनी काय केलं? भट्टी पसरट आणि उथळ केली, परातीसारखी, खाली आग जबरदस्त. ज्या आधणाला तासन्‌तास लागायचे ते काही मिनिटांत उरकायला लागले. फेस उतू जाऊ नये म्हणून वॉशमध्ये साबण टाकायचे. वॉश तळाला करपायचा, जड तेलं सगळी वर यायची, स्पिरिट घशाला ओरबाडायचं. यातलं बरंच इंग्लंडला जाऊन पुन्हा गाळून जिन व्हायचं. हायलँडमध्ये मात्र डोंगरांत चोरून छोट्या भट्ट्यांवर सावकाश गाळलेली व्हिस्की लोकांना जास्त आवडायची. कायद्याची दारू वाईट आणि चोरीची चांगली, असा हा काळ. मला वाटतं, चवीच्या इतिहासात या फीइतका परिणाम दुसऱ्या कशाचा झाला नाही.

हे १८२३ च्या कायद्याने संपवलं. परवाना फी १० पौंड, करात मोठी कपात, आणि भट्टी किमान ४० गॅलनची हवी. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेट खोऱ्यात जॉर्ज स्मिथ यांनी परवाना घेतला. शेजारचे चोरून गाळणारे एवढे चिडले होते की स्मिथ बरीच वर्षं कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरायचे. ती पिस्तुलं त्यांना जवळच्या जमीनदाराने दिली होती.

आयर्लंडमध्ये करामुळे धान्यच बदललं. कर माल्टवर होता, म्हणून तिथल्या लोकांनी मोड न आणलेलं सातूही मोठ्या प्रमाणात मिसळायला सुरुवात केली. त्यातून आयरिश पॉट स्टिलची मसालेदार, जाडसर चव जन्मली, आणि कर गेल्यावरही ती टिकली. मिडलटनला १८२५ ची एक जुनी भट्टी अजून उभी आहे, तीत ३१,६१८ गॅलन, म्हणजे जवळजवळ १ लाख ४४ हजार लिटर मावायचे.

कराच्या नजरेचा सगळ्यात सुंदर अवशेष म्हणजे स्पिरिट सेफ. पितळी चौकट, काचेच्या भिंती, आत हायड्रोमीटर (दारूची ताकद मोजायचं तरंगतं अवजार) असलेले काचेचे पेले, आणि बाहेर भलंमोठं कुलूप. भट्टीतून येणारा प्रत्येक थेंब या पेटीतून जातो. कुलपाची किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे, आणि तो आवारातच राहायचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हे असंच होतं. भट्टी चालवणाऱ्याला स्वतःच्या हातची दारू चाखता येत नाही, हुंगताही येत नाही. काचेतून बघायचं, तपमान वाचायचं, हायड्रोमीटर वाचायचा आणि बाहेरच्या दांड्याने आतली तोटी फिरवायची. कर चुकू नये म्हणून केलेली ही पेटी, पण तिने एक शिस्त लावली. धार कुठे तोडायची हे मोजून, लिहून ठरवायला लागलं.

हायड्रोमीटरचं तुमच्याशी थेट नातं आहे. १८१६ च्या कायद्याने साइक्सचा हायड्रोमीटर अधिकृत झाला आणि तिथून दारूची ताकद सांगणारं ब्रिटिश प्रूफचं माप पक्कं झालं: १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के. हे माप इंग्रजांबरोबर भारतात आलं. तुम्ही भरता ते प्रूफ लिटरचे तक्ते त्यातूनच आलेत. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के हा विचित्र आकडा का असतो, हे मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी कळत नव्हतं. ५७.१ चे पंचाहत्तर टक्के काढा. ४२.८ येतात. ‘२५ अंडर प्रूफ’ म्हणतात ते हेच. ब्रिटनने स्वतः ते माप सोडून दिलं, आपल्या लेबलावर ते अजून जिवंत आहे.

आता प्रत्यक्ष शिफ्टमध्ये काय घडतं ते सांगतो. पहिली भट्टी वॉश स्टिल. त्यात ८-९ टक्क्यांचा वॉश भरतात. उकळी येते तशी फेसाची भिंत मानेत चढते. मानेला आता काचेची खिडकी असते. खिडक्या नव्हत्या तेव्हा दोरीला लाकडी गोळा टांगून तो मानेवर आपटायचे आणि आवाजावरून फेस कुठवर आलाय ते ओळखायचे. फेस खालच्या खिडकीत दिसला की वाफ कमी करायची, आणि तिथे दुधाच्या पातेल्यासमोर उभं राहावं तसं उभं राहायचं. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात, रात्रपाळीत, मी व्हॉल्व्ह फिरवायला जेमतेम अर्धं मिनिट उशीर केला. फेस मान ओलांडून लाइन आर्ममध्ये गेला आणि सेफमध्ये पाण्यासारख्या धारेऐवजी तपकिरी गढूळ वॉश आला. सगळं परत पाठवावं लागलं, नळ्या धुवाव्या लागल्या, आणि सकाळी नोंदवहीत ते माझ्याच अक्षरात लिहावं लागलं. त्यानंतर उकळी येताना मी कधी खुर्चीवर बसलो नाही.

वॉश स्टिलमधून २२-२५ टक्क्यांचं लो वाइन्स मिळतं. ते, आधीच्या आधणाची उरलेली टोकं मिसळून, दुसऱ्या भट्टीत जातं. खरं कसब इथे लागतं. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे सगळ्यात भारी. इथे पहिली धार ठेवतच नाहीत. तिला फोरशॉट्स म्हणतात. तीत अ‍ॅसिटाल्डिहाइडसारखी झोंबणारी हलकी द्रव्यं असतात, आणि आधीच्या आधणाच्या शेवटाला नळीत चिकटून राहिलेलं तेलही ती धुऊन आणते. सेफमधल्या पेल्यात तिच्यात पाणी घातलं की फिनाइलमध्ये पाणी पडावं तशी दुधट होते. दर दोन-तीन मिनिटांनी हीच तपासणी. मग एका वेळी पाणी घालूनही पेला स्वच्छ राहतो. तो क्षण आला की दांडा फिरवायचा आणि धार वेगळ्या टाकीत घ्यायची. तिथे सुमारे ७४-७५ टक्के असतात. ६०-६२ च्या आसपास उतरलं की पुन्हा दांडा फिरवायचा, कारण पुढे फेंट्स येतात, ओल्या पुठ्ठ्यासारखे, चामड्यासारखे वास घेऊन. ही शेवटची धार आणि पहिली, दोन्ही पुढच्या आधणात जातात, फेकत काही नाही. मधला तुकडा तेवढा व्हिस्की. तो एक टक्का आधी तोडायचा की नंतर, यावर त्या कारखान्याची चव ठरते. गुऱ्हाळात गुळव्या काकवीची तार बघून आधण उतरवतो, क्षणभर मागेपुढे झालं तर गूळ बिघडतो. तेच डोळ्यात तेल घालून बघणं इथे लागतं.

जुन्या भट्ट्या खालून कोळशाच्या आगीवर चालायच्या. तळाला वॉश करपू नये म्हणून आत तांब्याच्या साखळ्यांचं जाळं फिरत असायचं, त्याला रमेजर म्हणतात. त्याच्या घासण्याने तळाचं तांबंही उघडं राहायचं. आज जवळजवळ सगळीकडे आत वाफेच्या नळ्या आहेत. ग्लेनफार्क्लास कारखान्याने १९८१ मध्ये वाफ लावून पाहिली, स्पिरिटची ताकद गेली असं त्यांना वाटलं, आणि ते पुन्हा थेट आगीवर आले. जपानमध्ये योइची इथे कोळशावर भट्टी चालते. मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये स्कॉटलंडला येऊन शिकून गेले आणि १९३४ मध्ये त्यांनी तो कारखाना काढला. मी स्वतः वाफेवरच काम करतो. वाफेने काम सोपं आणि एकसारखं होतं, पण आगीवरच्या भाजल्या चवीची भरपाई होत नाही, हे मान्य करावं लागतं.

भट्टीच्या आधीच्या पायऱ्या तुम्हाला पटकन कळतील. सातू दोन दिवस भिजवून मोड आणायचे, नाचणीचं सत्त्व करताना आणतो तसे. जुन्या पद्धतीत फरशीवर पसरून लाकडी फावड्याने पाच-सहा दिवस उलटत राहतात. कॅम्बेलटाउनची स्प्रिंगबँक ही आसवनी अजून आपलं सगळं माल्ट असंच करते. मग वाळवणीच्या वेगळ्या भट्टीत वाळवणं, पाहिजे तिथे पीटच्या (दलदलीतल्या कुजक्या मातीच्या इंधनाच्या) धुरावर. पॅगोडासारखं छप्पर त्या धुरासाठी १८८९ मध्ये चार्ल्स डोइग यांनी काढलं. मग भरड दळायचं, ६४ अंशांच्या आसपासच्या पाण्यात कालवून साखर उतरवायची, उरलेला चोथा गुरांना. आंबवायची पिंपं बऱ्याच ठिकाणी अजून लाकडी असतात. लाकडाच्या फटींत लॅक्टिक जिवाणू टिकतात आणि आंबवणं ६०-७० तासांपुढे गेलं की तेच फळांचा वास आणतात. तुमच्याकडे जिवाणू वाढले की शिफ्टवर ओरडा पडतो, इथे त्यांना वेळ देतात.

आणि तुमचा कॉलम? त्याला कमी लेखायचं कारण नाही. १८३० मध्ये एनीस कॉफी यांनी सतत चालणाऱ्या दोन कॉलमच्या भट्टीचं पेटंट घेतलं. ते आयर्लंडमध्ये अबकारीचेच मोठे अधिकारी होते. आयरिश लोकांनी ते नाकारलं, स्कॉट लोकांनी उचललं, आणि त्यातून ग्रेन व्हिस्की, म्हणजे इतर धान्याची कॉलमवरची व्हिस्की, आणि पुढे माल्ट आणि ग्रेन मिसळलेले ब्लेंड आले. जगात विकली जाणारी बहुतेक स्कॉच आजही ब्लेंडच आहे. तुमचे अ‍ॅनालायझर आणि रेक्टिफायर हे दोन कॉलम कॉफींच्याच भट्टीचे वंशज. फक्त काम उलट. तुम्ही धान्याची किंवा मळीची ओळख पुसायला कॉलम वापरता, आम्ही ती राखायला भांडं वापरतो. म्हणूनच २००९ च्या स्कॉच नियमांत सिंगल माल्ट (एकाच कारखान्याची, फक्त माल्टची व्हिस्की) पॉट स्टिलमध्ये, आधणा-आधणानेच गाळला पाहिजे असं आहे. पुढे ओकच्या ७०० लिटरपर्यंतच्या पिंपात किमान तीन वर्षं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन या कारखान्याच्या माल्टचं त्या उकाड्यात याच्या कितीतरी पट उडतं, आणि लाकूडही तितकंच लवकर बोलतं.

गोव्याला गेलात तर काजूच्या हंगामात एखादी फेणीची भट्टीही बघा. तिथलं भाण आणि पहिल्यांदा गाळलेलं उर्राक, दुसऱ्यांदा गाळलेली फेणी, हे वॉश स्टिल, लो वाइन्स आणि स्पिरिटशी हुबेहूब जुळतं. दोन गाळण्यांची गरज सगळीकडच्या लोकांना हाताने काम करता करताच कळली.

शेवटी एक करून बघा. वरिष्ठांना आणि अबकारी निरीक्षकांना विचारून तुमच्या लॅबमध्ये एकाच वॉशचे दोन नमुने काचेच्या भांड्यात गाळा. एकात काही नको. दुसऱ्यात चंबूच्या मानेत स्वच्छ घासलेल्या तांब्याच्या तारेचा बोळा ठेवा. दोन्हींतलं पहिलं थोडं बाजूला काढा, मधला भाग सारख्या ताकदीवर आणा आणि झाकलेल्या पेल्यांत दहा मिनिटं ठेवून वास घ्या. नंतर तो बोळा बाहेर काढून त्याचा रंग बघा. तो काळा पडलेला दिसेल, आणि ज्या गंधकाने तो काळा पडला त्याचा वास दुसऱ्या पेल्यात का नाही ते तुमचं नाकच सांगेल.